पहिली सागरी सहल

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला, जाम आणि कन्हान ह्या नद्यांच्या खोऱ्यात वसलेला सौसर-पांढुर्ण्याचा मुलूख समुद्रापासून फार दूर आहे. येथे पडलेला पाऊस जामेतून कन्हानेत, कन्हानेतून वैनगंगेत, पुढे प्राणहितेत आणि अखेर गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात जातो. येथले पाणी दरसाल समुद्राला भेटते. माणसांना मात्र तो योग क्वचितच येतो. 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला, 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला; पण कित्येक घरांतील बोली मराठीच राहिली आणि बाजाराची ओढही नागपूरकडेच राहिली. लोधीखेडा हे ह्याच मुलखातील गाव.

अशा गावातील एखाद्या संसारी जोडप्याची कल्पना करावी. संत्र्याची बाग, थोडी कपाशी, मुलीचे लग्न झालेले, मुलगा पुण्यास नोकरीला. लग्नाला येत्या ज्येष्ठात तीस वर्षे पूर्ण होत आहेत. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, ह्या वर्षी तुम्ही आणि आई मोठ्या जहाजातून फिरून या. आरक्षण मी करतो. तुम्ही फक्त जाऊन बसा." ह्या एका वाक्याने घरात आनंद होतो आणि त्याच्या पाठोपाठ काळजीही शिरते. वडिलांना खर्चाची चिंता, आईला पाण्याची भीती. मात्र जी गोष्ट सर्वांच्या आधी निघावयास हवी, ती कोणीच काढीत नाही. दोघांना स्वतःला ह्या प्रवासातून काय हवे आहे, हा तो प्रश्न होय.

समुद्राची भीती आपल्या समाजात जुनीच आहे. एके काळी समुद्र ओलांडणे हेच धर्मबाह्य मानले जाई आणि परदेशाहून परतलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. त्याच काळात, 1883 साली, आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी कलकत्त्याहून आगबोटीने पतीवाचून निघाल्या, हे स्मरले म्हणजे त्यांच्या धैर्याची खरी किंमत कळते. कोकणच्या माणसाला तर आगबोट ही नित्याचीच होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाणाऱ्या बोटींवर पिढ्यान् पिढ्या चाकरमान्यांनी वळकट्या पसरल्या. परंतु तो प्रवास गरजेचा होता. बोटीने गावी पोचणे एवढाच त्याचा हेतू असे. आज ज्याला क्रूझ म्हणतात तिच्यात पोचण्यापेक्षा जहाजावर राहणे हाच हेतू असतो. जहाज हेच गाव, तेच भोजनगृह आणि तेच नाट्यगृह. हा फरक ध्यानी आला म्हणजे निवडीचे निम्मे काम होते. कारण मग "कोठे जावयाचे" ह्याच्या आधी "दोन-तीन दिवस कसे घालवावयाचे" हा प्रश्न पुढे येतो.

पहिला विचार काळाचा. शेतकरी घरांतील बहुतेक लग्ने उन्हाळ्यात होतात, म्हणून लग्नाचे वाढदिवसही वैशाख-ज्येष्ठात येतात. समुद्राचे पंचांग मात्र निराळे आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मुंबईस पावसाळा येऊन ठेपतो आणि अरबी समुद्र खवळतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतात आणि मगच होड्या पाण्यात लोटतात, ती केवळ रूढी नव्हे, पिढ्यांचा अनुभव आहे. मुंबईहून सुटणाऱ्या सहलीच्या जहाजांचा हंगामही साधारणपणे ऑक्टोबर ते मे असाच असतो. तेव्हा वाढदिवसाची तारीख गाठण्याचा हट्ट धरू नये. त्या दिवशी घरी देवापुढे दिवा लावावा, गोडधोड करावे आणि सहल पुढे हिवाळ्यावर टाकावी. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत बहुतेक उतरतात, मृगाची फेब्रुवारीनंतर तोडणीस येतात. मधला जानेवारी बागाईतदाराला त्यातल्या त्यात मोकळा आणि समुद्रही तेव्हा बहुधा शांत. तारखेपेक्षा मनाची स्वस्थता मोठी.

दुसरा विचार जहाजाचा आणि रात्रींचा. जहाजांच्या सेवा सुरू होतात तशा बंदही पडतात. मुंबई-गोवा मार्गावर 2018 साली मोठ्या गाजावाजाने सुरू झालेली आंग्रिया ही बोट दोन वर्षांच्या आतच थांबली. 2021 सालच्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज मुंबईहून निघू लागले. 1990 साली बांधलेले, अकरा मजल्यांचे हे जहाज पूर्वी परदेशी कंपनीकडे होते. म्हणून जुन्या ऐकीव माहितीवर न विसंबता, त्या हंगामात कोणते जहाज कोणत्या वारी सुटते, हे आधी पाहावे. मार्गाचा तक्ताही नीट वाचावा. काही सहली गोव्याला किंवा लक्षद्वीपला जातात. काही नुसत्या खोल समुद्रात जाऊन कोठेही न थांबता परततात. ज्या जोडप्याला गोवा पाहावयाचा आहे, त्याने दुसऱ्या प्रकारची सहल घेतली तर पदरी निराशाच येईल. बंदरावरचा मुक्कामही बहुधा काही तासांचाच असतो. पहिल्या खेपेस दोन किंवा तीन रात्री पुरेत. पाणी मानवते की नाही हे त्यात कळते आणि मानवले तर पुढची वाट मोकळीच आहे.

तिसरा विचार खोलीचा, आणि खरी कसोटी येथेच लागते. जहाजावरील खोल्या ढोबळ मानाने तीन प्रकारच्या. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त. समुद्राकडे बंद खिडकी असलेली त्याहून महाग. स्वतःचा सज्जा असलेली त्याहूनही महाग. घरचा कर्ता पुरुष हिशेबी असतो. तो म्हणतो, "अगं, खोलीत झोपायचंच तर असतं. आतली घेऊ, वाचलेल्या पैशात एक रात्र जास्त राहू." त्याचे म्हणणे चुकीचे नाही; जहाजाचा वरचा मजला सर्वांना मोकळा असतो आणि समुद्र तेथूनही दिसतो. पण तीस वर्षे भल्या पहाटे उठून चुलीशी आणि पुढे गॅसच्या शेगडीशी उभी राहिलेली त्याची पत्नी हळूच विचारते, "अहो, समुद्र दाखवायला नेणार आणि खोलीला खिडकी नाही?" ह्या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत उत्तर नाही. आयुष्यात प्रथमच समुद्र पाहणाऱ्याला सकाळी डोळे उघडताच पाणी दिसणे, ही त्या सहलीची अर्धी कमाई आहे. म्हणून तीन रात्री आतल्या खोलीत काढण्यापेक्षा दोनच रात्री खिडकीच्या खोलीत काढाव्या, हेच बरे. शक्य असेल तर खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. कारण झोक्याचा मध्य जसा कमी हलतो, तद्वत तेथे हेलकावे कमी जाणवतात. नाचगाण्याच्या दालनाच्या अगदी खाली किंवा वर खोली येणार नाही, हेही नकाशात पाहून घ्यावे. गुडघे दुखत असतील, तर उद्वाहनाजवळची खोली मागावी.

चौथा विचार पैशाचा. जाहिरातीतील मोठ्या अक्षरांतला आकडा बहुधा एका खोलीत दोघे धरून माणशी असतो. त्यावर बंदराचे शुल्क, सेवकवर्गाची बक्षिसी आणि वस्तू व सेवा कर चढतो. किनाऱ्यावरील सहली, निवडक उपाहारगृहे, पेये, कपडे धुणे ह्यांचे पैसे वेगळे. म्हणून "सगळे धरून दोघांचे किती?" हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. रद्द करण्याचे नियमही त्याच वेळी वाचावे. प्रस्थानाचा दिवस जवळ येतो तसतशी परत मिळणारी रक्कम घटत जाते. पैसे कंपनीकडे अथवा तिने नेमलेल्या प्रतिनिधीकडेच भरावे. कोणी अनोळखी इसम फोनवर निम्म्या दरात खोली देऊ लागला, तर त्याच्या वाटेस जाऊ नये.

आरक्षण करताना आणखी एक लहानशी गोष्ट पुष्कळांना नडते. तिकिटावरील नाव आणि आधारपत्रावरील नाव अक्षरशः जुळले पाहिजे. पुष्कळ स्त्रियांच्या एका कागदावर माहेरचे नाव असते, दुसऱ्यावर सासरचे. एकावर हिंदी वळणाचे, दुसऱ्यावर मराठी. तेव्हा कागद समोर ठेवूनच नाव भरावे. देशातल्या देशातील सहलीला छायाचित्राचे सरकारी ओळखपत्र चालते. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल तर पारपत्र लागते आणि त्याची मुदत पुरेशी उरलेली असावी लागते. उपवासाचे दिवस, कांदा-लसूण वर्ज्य असणे, मधुमेह, चालू औषधे हे सारे आधीच कळवावे. लग्नाचा वाढदिवस आहे हेही सांगण्यात संकोच नसावा.

लोधीखेड्याहून निघणाऱ्याला जहाजाइतकीच रेल्वेचीही तजवीज पाहावी लागते. नागपूर ते मुंबई हे रेल्वेचे अंतर 837 किलोमीटर. जहाजाचे आरक्षण महिनोगणती आधी होते. रेल्वेचे मात्र 1 नोव्हेंबर 2024 पासून साठच दिवस आधी उघडते. तो दिवस चुकवू नये. आणि ज्या दिवशी जहाज सुटावयाचे, त्याच दिवशी सकाळी मुंबईस उतरण्याचा बेत तर कधीच करू नये. उशिरा आलेल्या गाडीसाठी जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोचावे, रात्र विसाव्याने काढावी आणि दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअर गाठावे; तेथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन 2025 साली झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते फार दूर नाही.

आता राहिली आईच्या मनातील भीती. ती हसण्यावारी नेऊ नये, कारण तिला आधार आहे. 17 जुलै 1947 रोजी, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास ही बोट उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. परंतु अशा आपत्तींतूनच जगाने शहाणपण घेतले आहे. 1912 साली टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. 2012 साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळले, त्या वेळी त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची संकटकाळची कवायत व्हावयाचीच होती. तेव्हापासून नियम कडक झाला आणि 2015 पासून ही कवायत प्रस्थानापूर्वी किंवा प्रस्थान होताच घेणे बंधनकारक आहे. म्हणून ती कवायत कंटाळवाणी समजून टाळू नये. जीवरक्षक जाकीट कोठे आहे, कोठे जमावयाचे आहे, हे दोघांनीही पाहून घ्यावे. एकट्या नवऱ्याला ठाऊक असणे पुरेसे नव्हे.

बोट लागणे हा तर रोगच नव्हे. कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय हालचाल सांगते आणि खोलीत बसलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. ह्या दोन साक्षींत विरोध आला की मळमळ सुरू होते. अशा वेळी वर मोकळ्या हवेत जावे, नजर क्षितिजावर ठेवावी, पोट अगदी रिकामेही ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा पुष्कळांना उपयोगी पडतो. गोळी घ्यावयाची तर निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून घेऊच नये.

इतका सारा विचार झाल्यावर मुलाच्या त्या वाक्याकडे पुन्हा वळावे. "आरक्षण मी करतो, तुम्ही फक्त जाऊन बसा." त्यात प्रेम आहे, पण एक उणीवही आहे. आईबापांना अचानक भेट देण्याच्या हौसेत त्यांची निवड त्यांच्या हातून निसटते. संसारात बाईने बहुधा दुसऱ्यांच्या सोयीने घर निवडलेले असते, सण साजरे केलेले असतात, प्रवासही केलेले असतात. तीस वर्षांनंतरच्या ह्या पहिल्या सहलीत तरी "तुला काय हवं?" हे तिला विचारले जावे आणि तिच्या उत्तराप्रमाणे खोली ठरावी. कदाचित ती म्हणेल, जहाज नकोच, किनाऱ्यावर दोन दिवस बसू. तेही तितकेच योग्य. मुलाने पैसे जरूर द्यावे. पण आरक्षणाचा फॉर्म भरताना दोघांना शेजारी बसवून घ्यावे, फोनवर का होईना.

मग एखाद्या जानेवारीच्या संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे पडतील, फोनची रेघ जाईल आणि घरचे, बागेचे, बाजाराचे कोणतेही बोलावणे पोचणार नाही. खिडकीशी दोन माणसे बसलेली असतील. तीस वर्षांत एकमेकांशी निवांत बोलावयाचे जे राहून गेले, त्याला तेथे वेळ मिळेल.