राखीव खेळाडूच्या हाती कॅमेरा



फुटबॉलचा फोटो काढायचा तर बॉल कुठे येणार हे तो येण्याआधी कळावं लागतं. बॉल पाहून मग कॅमेरा वळवणाऱ्याच्या हाती खेळाडूची पाठ आणि मागची धूळ तेवढी लागते. ही जाण महागड्या लेन्सबरोबर मिळत नाही. ती असते मैदानाच्या कडेला उकिडवं बसलेल्या राखीव पोट्ट्याजवळ. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. पण आपल्या जिल्ह्यातल्या चिखली-मेहकरकडच्या एखाद्या मैदानावर कॅमेरा घेऊन बसलो, की असा एखादा हमखास शेजारी येऊन टेकतो आणि सांगू लागतो, "सर, आता डाव्या अंगानं येते पाहा बॉल." आणि तो येतो! आज मला बोलायचं आहे ते या पोराबद्दल आणि त्याच्या हाती कॅमेरा देण्याबद्दल.

खेळाच्या आधाराने मुलांना उभं करायचं कसं, हे पाहायला आपल्याला फार लांब जायला नको. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये भर पावसात वस्तीतली मुलं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांना बॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. पुढे ते 'स्लम सॉकर' नावाने ओळखलं जाऊ लागलं, बेघरांच्या विश्वचषकात भारताचा संघ घेऊन गेलं, 2016 साली त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच. या संस्थेने 'एज्युकिक' नावाखाली गणितासारखा विषय मैदानावर नेला. शिकवणीच्या खोलीत न येणारं मूल बॉलपाठोपाठ येतं, आणि एकदा आलं की पाढेही म्हणतं. मैदानावर गणित शिकवता येत असेल तर कॅमेरा तर सहज शिकवता येईल.

बारसे सरांवर बेतलेला 'झुंड' 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. मुख्य भूमिकेत अमिताभ बच्चन होते, पण सिनेमा खाल्ला तो पोरांनी. नागपूरच्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हे झालं कॅमेऱ्यासमोरचं. मागे उभा होता दिग्दर्शक, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे. अहमदनगरला शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' या लघुपटासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. जेऊरच्या मुलाच्या हाती कॅमेरा आला नसता, तर नागपूरच्या या पोरांकडे असं कोणी पाहिलं असतं का? मला शंका आहे.

मुलांच्या हाती कॅमेरा देण्याचा प्रयोग जगात नवा नाही. कोलकात्याच्या सोनागाचीत झाना ब्रिस्की या छायाचित्रकार बाईंनी तिथल्या मुलांना कॅमेरे दिले, फोटो काढायला शिकवलं. त्यावरच्या माहितीपटाला 2005 साली ऑस्कर मिळालं. फोटो मुलांनी काढले खरे, पण सिनेमा काढला तो दुसऱ्यांनी, मुलांवर. गोव्याच्या 'व्हिडिओ व्हॉलंटियर्स'ची रीत मला अधिक पटते. 2003 पासून ही संस्था वस्त्यांतल्या, खेड्यांतल्या माणसांनाच शूटिंग शिकवते. आपल्या गावचा रस्ता, रेशन दुकान, शाळा ते स्वतः चित्रित करतात आणि गावाला, अधिकाऱ्यांना दाखवतात.

तुम्ही म्हणाल, आपल्या जिल्ह्यात फुटबॉल खेळतं कोण? आपल्याकडे कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉलचं क्रिकेट. खरं आहे. तरी या कामाला मी फुटबॉलच निवडेन. बेघरांच्या विश्वचषकाचं मैदान असतं 22 मीटर लांब, 16 मीटर रुंद. एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढं मैदान झेडपी शाळेच्या अंगणात चुन्याने आखता येतं. शिवाय ते मोबाईलच्या आवाक्यातलं आहे. क्रिकेटचा फलंदाज टिपायला सीमारेषेवरून हातभर लांब लेन्स लागते. इथे साध्या फोनमध्ये खेळाडू मावतो, चेहरा दिसतो. चौदा मिनिटांनी सामना संपला की खेळलेल्यांनी फोन घ्यायचा आणि फोन धरलेल्यांनी मैदानात उतरायचं. कोणी रिकामं बसत नाही.

शिकवायचं काय? पहिला धडा गुडघ्यावर बसण्याचा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलं बुटकी दिसतात आणि अर्धी चौकट जमिनीनेच भरते. ऊन पाठीशी घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात, म्हणून सामना संध्याकाळी पाचनंतर ठेवायचा. बॉल हवेत थांबलेला दिसायला हवा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर न्यायचं. बऱ्याच फोनमध्ये ती सोय असते. व्हिडिओ काढताना फोन आडवा धरायचा आणि दहा सेकंद हलवायचा नाही. या दहा सेकंदांत भल्याभल्यांचा धीर सुटतो. आधी सगळं मैदान, मग दोघांची झुंज, मग नुसता पाय आणि बॉल, असे तुकडे जमले की फोनवरच ते जोडायला शिकवायचं. शेवटी प्रत्येक फोटोखाली ओळ लिहायची: कोण, कुठे, कधी, काय झालं. वहीत चार ओळी लिहायला कुरकुरणारं पोरगं आपण काढलेल्या फोटोखाली मात्र नाव तीनदा तपासून लिहितं.

एक नियम मी पहिल्याच दिवशी सांगेन. विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही, आणि पोरीबाळींचा तर घरच्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकायचाही नाही. देणगीच्या पत्रकावर गरीब पोराचा रडवेला चेहरा छापणं मला कधी पटलं नाही. स्वतः कॅमेरा धरलेलं पोर दोस्ताचा असा फोटो निवडणार नाही.

आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात. कॅमेऱ्याचं असं शिबिर घेतलं आणि पोरं महिन्याभरात फडावर गेली, तर शिकलेलं वाया जातं, असं वाटेल. पण बॉल गावात राहिला तरी फोन सोबत जातो. आठवड्याला एक फोटो फडावरून पाठवायचा, शिक्षकाने त्यावर दोन शब्द कळवायचे. एवढं केलं तरी धागा तुटत नाही. आणि उसाच्या फडावरचे ते फोटो आपण सगळ्यांनीच पाहायला हवेत.

पोटापाण्याचंही बोलू. लग्नसराईत दुसरा कॅमेरा धरायला भरवशाचा माणूस मिळत नाही, हे माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा. गावोगावच्या क्रिकेट स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दाखवतात, तिथेही हात लागतात. सगळे नागराज होणार नाहीत. पण सीझनमध्ये चार पैसे मिळवतील.

आता बॉल आणि कॅमेरा आणायचा कुठून? 15 सप्टेंबर 2017 रोजी, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्यातल्या दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम सरकारने आखला होता. शाळाशाळांत बॉल गेले. क्रीडाशिक्षकांनो, कपाट उघडून पाहा, त्यातला एखादा अजून सापडेल. आणि माझ्या स्टुडिओवाल्या मित्रांनो, मिररलेस घेतल्यापासून तुमचा जुना डीएसएलआर पडून आहे. विकायला नेला तर भाव येत नाही. तो कॅमेरा, एक मेमरी कार्ड आणि रविवारची संध्याकाळ जवळच्या शाळेला द्या. बॉलमध्ये हवा गुरुजी भरतील.