आजीचं हिरवं कपाट आणि ‘रस्टिक’ रंग

आजचा भाग जुन्या लाकडी सामानाबद्दल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते रील पाहिलं असेल: जुनं कपाट, त्यावर मशीन फिरतं, धूळ उडते, आणि एका मिनिटात कपाट एकदम ‘रस्टिक’. दिसतं भारी. पण त्या धुळीत काय असतं, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

आमचं घर शिवऱ्याला, पुणे-सातारा रस्त्यावर. घरात आजीचं आरशाचं कपाट आहे. सागवानी, खाली चार खण, वर आरसा. त्याच्यावर हिरव्या ऑइल पेंटचे किती थर असतील देव जाणे, कारण दर तीन-चार दिवाळ्यांनी घराबरोबर कपाटही रंगायचं. दादाला ते पडवीत घेऊन मशीनने घासायचं होतं. त्याच पडवीत त्याची दहा महिन्यांची पोरगी रांगते. मी म्हटलं, “दादा, थांब. आधी रंगाचं बघू.”

मुद्दा शिशाचा आहे. पूर्वी ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात, सर्रास शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी २०१६ साली नियम आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा लागू झाली: दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग शिसं. म्हणजे त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि रांगणारं मूल हात तोंडात घालतंच. म्हणून जुना रंग कोरडा घासायचा नाही आणि आगीने किंवा हीट गनने जाळायचाही नाही.

मग रस्टिक लूक सोडून द्यायचा? नाही. युक्ती अशी की झीज जुन्या रंगात करायची नाही, आपण दिलेल्या नव्या थरांत करायची.

आम्ही काय केलं ते सांगते. काम दिवाळीनंतर काढलं. भोरकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, खण अडकतात, रंग वाळत नाही. कपाट अंगणात नेलं, खाली प्लास्टिक अंथरलं, तोंडाला एन-९५ मास्क. सुटलेले पापुद्रे पाणी मारून ओले काढले. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वॉटर पेपर ओला ठेवून नुसता हलका हात फिरवला, म्हणजे नवीन थर धरेल. खण जिथे घासतात, तिथला रंग मात्र पेंट रिमूव्हरने पूर्ण काढला. तिथे वरून कितीही रंग द्या, घासून पुन्हा धूळ होणारच. खणाच्या पट्ट्यांना शेवटी मेणबत्ती घासली. आता खण लोण्यासारखे सरकतात. निघालेला कचरा पिशवीत बांधला, कामाचे कपडे वेगळे धुतले.

मागच्या फळीला बारीक भोकं होती, खाली पिठासारखा भुसा. ती वाळवी नाही, लाकूड पोखरणारा भुंगा. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण ही फळी हलक्या लाकडाची होती. सुताराकडून ती बदलून घेतली.

मग लाखेच्या पॉलिशचे दोन हात. जुना हिरवा रंग आत बंद. त्यावर गेरूच्या रंगाचा हात. तो वाळल्यावर कडांना, मुठींभोवती, पायांजवळ मेणबत्ती घासली. वरून फिकट निळा. त्यासाठी तीन भाग इमल्शन, एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, एक भाग पाणी. प्लास्टर आधी पाण्यात कालवायचं, आणि थोडं थोडंच करायचं, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. वाळल्यावर मेण लावलेल्या जागी हलकं घासलं की निळा सुटतो आणि खालचा गेरू दिसतो. तिथेच थांबायचं. शेवटी मेणाचं पॉलिश.

असा खडूसारखा रंग म्हणजे परदेशी फॅड, असं वाटेल. पण सावंतवाडीचे चितारी गंजिफाच्या पत्त्यांना आधी चिंचोक्याची खळ आणि खडूच्या पुडीचा लेप देतात, मग रंग, मग लाख. खाली लेप, मध्ये रंग, वर संरक्षण, हे आपल्याकडे जुनंच आहे.

झीज कुठे दाखवायची, हे आजीने ठरवलं. मी चारी कडा सारख्या घासणार होते. ती म्हणाली, “अगं, वरचा उजवा खण रोज उघडायचा, त्यात कुंकू असायचं. खालच्याला कोण हात लावतंय!” म्हणून उजवा खण जास्त झिजलेला आहे आणि खालचा जवळजवळ कोरा.

तर मंडळी, घरात जुनं रंगवलेलं कपाट, पाळणा, दार असेल तर मशीन लावण्याआधी दोन प्रश्न विचारा: हा रंग कधीचा आहे, आणि घरात लहान मूल आहे का? रंगाचं साल माहीत नसेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. हा भाग त्या रील पाठवणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!