फळीवरील आगगाडी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस निवृत्तीनंतरच्या विरंगुळ्याविषयी बोलावयास सांगितले आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. जन्मभर लहान मुलांच्या वर्गात रमलो. तेव्हा खेळण्याविषयी बोललो, तर आपण रागावणार नाही अशी आशा आहे.

गिरगावातील आमच्या खोलीत सहा फूट लांब व तीन फूट रुंद फळीवर आमची आगगाडी धावते. हे वेड पुण्याहून आले. कोथरूड येथे कै. भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. ते पाहून परतताना आमचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी ही गाडी. रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या रेल्वेचे अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले तर एकोणीसहून अधिक येतात. म्हणजे आमची पुठ्ठ्याची 'दख्खनची राणी' विलायती मापाच्या रुळांवर धावते! हे पाप आम्ही जाणूनबुजून करितो. चाळीतील एका मुलाचा भागाकार मात्र याच पापाने सुधारला.

बांधणे सोपे, राखणे कठीण. पहिल्याच पावसाळ्यात फळी फुगली, रुळांचे सांधे उघडले आणि इंजिन जागीच थबकले. वीज रुळांतूनच चाकांना व चाकांतून मोटारीला मिळते. सांधा सैल झाला की पुढे सगळा अंधार. परळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारचे फिटर म्हणाले, "मास्तर, सांध्यावर विसंबू नका. प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र तार द्या." त्यांनी स्वतः डाख दिला, फळीस सर्व बाजूंनी व्हार्निश लावविले. तेव्हापासून दर शनिवारी स्पिरिटात भिजविलेल्या फडक्याने आम्ही रूळ पुसतो. चौपाटीचा खारा वारा आणि घरातील फोडणीचा धूर, दोन्ही त्यांवर चढतात. सौभाग्यवतींनी फोडणीबाबत तडजोड नाकारली आहे, व ते रास्तच आहे.

रविवारी मुले जमतात. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास निघालेल्या गाडीपासून आम्ही आरंभ करितो. त्या उद्योगात पुढाकार घेणारे नाना शंकरशेट गिरगावचेच, हे ऐकून मुले खिडकीतून बाहेर पाहतात.

फिटर गेल्या वर्षी निवर्तले. आता चाळही पाडावयाची आहे. नवी इमारत होईपर्यंत मिळालेल्या भाड्याच्या खोलीत पलंग मांडला की उभे राहावयासही जागा नाही. भंगारवाल्याने फळीस शंभर रुपये सांगितले. आम्ही त्यास दारातूनच परत पाठविले.

म्हणून विनंती आहे. दादरच्या आपल्या ज्ञातिगृहात जिन्याखालची खोली रिकामी असते. फळी आम्ही मधोमध कापून ठेविली आहे. चार बोल्ट आवळले की ती पुन्हा जुळते. किल्ली मिळाल्यास पुढील रविवारी टेंपोने आणू. झाडलोट आणि विजेचे बिल आमच्याकडे.