वीज बाहेरची, सराव तिचा



स्किझोफ्रेनियासारख्या आजारात कानात आवाज येतात, संशय घेरतो, हे आपण ऐकलेलं असतं. पण औषधांनी आवाज थांबल्यावरही बाई दूध उतू घालवते, भाजीत दोनदा मीठ टाकते, हिशेब अर्ध्यावर सोडते. घरचे म्हणतात, 'सोंग करते.' हे सोंग नाही. लक्ष, स्मरण, कामाची आखणी या क्षमतांवरच आजार घाला घालतो आणि हे नुकसान गोळ्यांनी फारसं भरून येत नाही.

त्यासाठी सराव असतो. आकडे लक्षात ठेवायचे, कामांचा क्रम लावायचा. असं कित्येक आठवडे. आता संशोधक या सरावाला एक जोड देऊन पाहत आहेत. डोक्यावर दोन ओलसर स्पंज ठेवून साधारण दोन मिलिअँपियर इतका क्षीण वीजप्रवाह वीसेक मिनिटं सोडतात. हा 'शॉक' नव्हे. भूल लागत नाही, झटका येत नाही. त्वचेला मुंग्या येतात, खाज सुटते. दुसऱ्या पद्धतीत डोक्याजवळ चुंबकीय वेटोळं धरतात. त्यामुळे मेंदू शिकायला अधिक तयार होईल, अशी कल्पना. बंगळूरच्या निम्हान्समध्ये या वीजप्रवाहाचा कानातल्या आवाजांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास झाला आहे. सरावाच्या जोडीचे प्रयोग मात्र अजून लहान आहेत, निष्कर्ष उलटसुलट आहेत. तेव्हा खात्रीचा इलाज म्हणून कुणी विकू लागला, तर सावध राहा.

आणि यात बाईचं काय? नवरा आजारी पडला तर बायको त्याला सांभाळते. बायको आजारी पडली की तिची माहेरी रवानगी होते. हिंदू विवाह कायद्यात मनोरोग हे आजही घटस्फोटाचं एक कारण आहे. आपल्या जिल्ह्यात शिंगवे नाईक इथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माऊली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायका राहतात. त्यांच्याकडे पाहिलं की कळतं, आजारानंतर बाईचं घरच सुटू शकतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार समजावून घेण्याचा आणि संमती देण्याचा हक्क तिला दिला आहे. भूल न देता शॉक देण्यावर बंदी घातली आहे. म्हणून नवं यंत्र आलं, तरी पहिला प्रश्न नवऱ्याला नाही, तिला विचारायचा: बाई, तुला काय परत हवंय?

सराव उपयोगी ठरतो तो शिकलेलं वापरायला मिळालं तर. बचत गटाची वही तिच्या हाती द्या. चुकली, तर शेजारी बसून पुन्हा मांडा. यासाठी यंत्राची वाट पाहायला नको.