शिष्यवृत्तीची मुदत आणि पदवीची तारीख



सरकारी शिष्यवृत्तीवर विद्यापीठांत शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या निकालांविषयीं या महोत्सवप्रसंगीं चार शब्द बोलावे, अशी सूचना आम्हांस झाली आहे. जे उत्तीर्ण झाले त्यांचें अभिनंदन सर्वांनीं केलेंच आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें ज्यांची शिष्यवृत्ती संपली परंतु पदवी अद्याप हातीं आली नाहीं, अशांविषयीं. त्यांच्यासंबंधीं 'सरकारचा पैसा पाण्यांत गेला' असे उद्गार देवळाच्या पायऱ्यांवरसुद्धां आमच्या कानीं आले आहेत.

डॉ. भीमराव आंबेडकर यांचेंच उदाहरण पाहूं. १९१३ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, प्रथम तीन वर्षांची मुदत, आणि परतल्यावर दहा वर्षें संस्थानची नोकरी करावी असा करार. १९१५ सालीं ते एम्. ए. झाले. पुढील वर्षीं डॉक्टरेटसाठीं प्रबंध सिद्ध करून ते लंडनला गेले व तेथें नवा अभ्यास आरंभिला. तोंच १९१७ सालीं शिष्यवृत्ती बंद झाली आणि सर्व अर्धवट टाकून त्यांस परतावें लागलें.

त्या दिवशीं बडोद्याच्या दप्तरांत जमेस काय होतें? एम्. ए. ची एक पदवी. डॉक्टरेट नाहीं, लंडनचें तर कांहींच नाहीं. करारान्वयें ते नोकरीवर हजर झाले. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि कचेरींतले शिपाई कागद दुरूनच टाकीत. थोड्याच महिन्यांत त्यांस बडोदें सोडावें लागलें. म्हणजे दहा वर्षांची नोकरीही राहिली! नुसत्या वह्या तपासणाऱ्या कारकुनानें ही शिष्यवृत्ती बुडीत खातींच मांडली असती.

लंडन विद्यापीठानें मात्र एक सवड दिली होती: चार वर्षांच्या आंत परत आल्यास अभ्यास पुढें चालवितां येईल. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेला पगार, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि एका पारशी मित्राकडून घेतलेलें कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० सालीं पुनः लंडनला गेले. १९२१ सालीं एम्. एस्सी. झाले, १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. कोलंबियाचें प्रकरण आणखी लांबलें. तेथें प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्यावांचून डॉक्टरेट पदरीं पडत नसे. आणि छपाईचा खर्च शिष्यवृत्तींत कोठून असणार! ग्रंथ १९२५ सालीं निघाला, पदवी १९२७ सालीं मिळाली. शिष्यवृत्ती बंद झाल्यावर दहा वर्षांनीं. तो ग्रंथ त्यांनीं सयाजीराव महाराजांसच अर्पण केला असून शिक्षणास झालेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता तेथें नमूद केली आहे.

एवढ्यावरून प्रत्येक रखडलेला विद्यार्थी आंबेडकर आहे, असें कोणी समजूं नये. जे केवळ आळसानें नापास झाले ते आम्हांस ठाऊक आहेत, व आम्हांस ठाऊक आहे हें त्यांसही ठाऊक आहे. परंतु ज्याचें एखादेंच सत्र उरलें आहे, किंवा ज्याचा प्रबंध टंकलेखनावांचून पडून आहे, त्याला आणखी सहा महिने निभावून नेणारें कोणी पाहिजे. सरकारची मुदत संपली म्हणजे सरकारचें काम संपतें. मधल्या काळांत तो पगार, तें साहाय्य आणि तें कर्ज हें काम करणारें आमच्या धर्मग्रामांत आज कोणी नाहीं.

म्हणून महोत्सवनिधींतून रोषणाई व बँड यांचा खर्च जाऊन जें उरेल (बँडवाल्यांशीं आम्ही स्वतः बोलूं) तें अशा विद्यार्थ्यांस बिनव्याजी देण्यासाठीं वेगळें ठेवावें, अशी आमची विनंति आहे. परतफेड नोकरी लागल्यावर. अर्ज रविवारीं मिस्सेनंतर आमच्याकडे आणून द्यावा व सोबत शेवटचें गुणपत्रक जोडावें, मग त्यावर कांहींही लिहिलेलें असो.