गॅरेजच्या आधीची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संगणकयुग कुठे जन्मलं, असं मी इतिहासाच्या वर्गात विचारत असे, तेव्हा उत्तर ठरलेलं असायचं. कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये! दोन तरुण, थोडे सुटे भाग, खिशात पैसे नाहीत आणि डोक्यात भन्नाट कल्पना. ॲपलची ही १९७६ची गोष्ट मुलांना तोंडपाठ असते. ती आवडण्याचं कारण उघड आहे. तिच्यात सरकार नाही, राजकारण नाही, फाइल नाही. पण श्रोतेहो, मला एक साधा प्रश्न पडतो. त्या दोन पोरांच्या खिशाला परवडावेत इतके ते सुटे भाग स्वस्त कुणी केले होते?

उत्तरासाठी २९ ऑगस्ट १९४९ या दिवसापर्यंत मागे जावं लागतं. त्या दिवशी सोव्हिएत संघाने पहिला अणुस्फोट केला आणि अणुबाँब फक्त आपल्याकडे आहे हा अमेरिकेचा दिलासा संपला. आता रशियन विमानं उत्तर ध्रुवावरून आली तर? रडार होती, पण डझनभर रडारांनी पाहिलेले ठिपके एकत्र जुळवून ‘हे विमान आपलं, ते शत्रूचं’ हे काही मिनिटांत सांगणं माणसांच्या आवाक्यात नव्हतं. एमआयटी या संस्थेत ‘व्हर्लविंड’ नावाचा एक संगणक तयार होत होता. खर्च फार वाढला म्हणून नौदलाने त्यातून हात आखडता घेतला होता. रशियाचा स्फोट झाला आणि हवाई दलाने तोच प्रकल्प उचलून धरला.

त्यातून उभी राहिली ‘सेज’ ही हवाई संरक्षण यंत्रणा. खिडक्या नसलेल्या काँक्रीटच्या इमारती, आत आयबीएमने बांधलेला सुमारे २५० टनांचा संगणक, त्यात पन्नास हजारांच्या आसपास व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असत आणि त्यातला एक गेला की आपण दुकान गाठत होतो, हे आठवलं तर या यंत्राची कल्पना येईल. पहिलं केंद्र न्यू जर्सीत १९५८मध्ये सुरू झालं. तिथला अधिकारी पडद्यासमोर बसायचा आणि हातातल्या पिस्तुलासारख्या उपकरणाने पडद्यावरचा ठिपका ‘टिपायचा’. रडारची माहिती टेलिफोनच्या तारांवरून यायची. म्हणजे पडदा, पडद्यावर बोट ठेवून हुकूम देणं आणि दूरच्या यंत्रांनी तारेवरून एकमेकांशी बोलणं, हे सगळं त्या बंद इमारतींमध्ये तेव्हाच चालू झालं होतं. एवढ्या कामाला पुरतील इतके प्रोग्रॅमर देशात नव्हते. ते शिकवून तयार करावे लागले.

गंमत अशी की यंत्रणा पुरी होईपर्यंत रशियाकडे क्षेपणास्त्रं आली आणि विमानं हेरणाऱ्या ‘सेज’चा मूळ उपयोग बराचसा संपला. अब्जावधी डॉलर पाण्यात गेले म्हणावेत, तर तसंही नाही. आयबीएमने हाच अनुभव वापरून अमेरिकन एअरलाइन्ससाठी ‘सेबर’ ही तिकीट आरक्षणाची यंत्रणा बांधली.

आता ते स्वस्त भाग. इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आपण ज्याला चिप म्हणतो ती, बाजारात आली तेव्हा तिला खासगी गिऱ्हाईकच नव्हतं. १९६२मध्ये एका चिपची सरासरी किंमत सुमारे ५० डॉलर होती. एवढ्या किमतीचा रेडिओ कोण घेणार? घेतली ती मिनिटमन क्षेपणास्त्राने आणि चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाने. सरकार भाव न करता घेत गेलं, कारखाने बनवता बनवता शिकत गेले आणि १९६८पर्यंत किंमत अडीच डॉलरच्या आत आली. ॲपलचं गॅरेज त्यानंतर आठ वर्षांनी उघडलं.

नुसत्या पैशाने मात्र हे झालं नसतं. पैसा सोव्हिएत संघानेही ओतला होता. अमेरिकेच्या राजकारणात आणखी एक सवय होती, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. अवाढव्य कंपन्यांविषयीचा संशय. टेलिफोनची मक्तेदार कंपनी एटी अँड टी हिच्यावर सरकारने १९४९मध्ये खटला भरला. १९५६मध्ये तडजोड झाली. कंपनीने टेलिफोनचा धंदा करावा, दुसऱ्या धंद्यात पडू नये, आणि आपली जुनी पेटंटं मागेल त्याला फुकट द्यावीत! ज्या ट्रान्झिस्टरवर हे सारं युग उभं आहे, तो याच कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत १९४७मध्ये लागलेला शोध. कंपनीला त्याचं कुलूपबंद साम्राज्य करता आलं नाही.

पुढे १९६९मध्ये त्याच प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली तयार झाली, तेव्हा पुन्हा तेच आडवं आलं. विकायची सोय नाही, म्हणून ती विद्यापीठांना नाममात्र पैशांत दिली गेली. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यात भर घातली, संरक्षण खात्याच्या अनुदानातून तिला नेटवर्कची भाषा शिकवली आणि ती सगळीकडे वाटली. आज तुमच्या खिशातला मोबाइल कुठल्याही बनावटीचा असो, त्याच्या आतल्या प्रणालीची वंशावळ किंवा निदान तिचा आराखडा युनिक्सपर्यंत जातो. आयबीएमचंही असंच. १९६९मध्ये तिच्यावर मक्तेदारीचा खटला दाखल झाला आणि त्याच वर्षी तिने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी लावायचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विकायची वस्तू झाली ती तेव्हा. मुंबई-पुण्याच्या हजारो घरांची चूल पुढे ज्या धंद्यावर पेटली, त्याचं एक मूळ तिथे आहे.

दुसरं मूळ १९६५च्या स्थलांतर कायद्यात. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या दिवसांत हा वंशभेद अमेरिकेला लाजिरवाणा वाटू लागला आणि शिकलेल्या माणसांना दार उघडलं. आपल्याकडे ‘मुलगा स्टेट्सला असतो’ हे वाक्य रूढ झालं ते त्यानंतर.

इंटरनेटची जन्मकथा आता बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५७च्या स्पुटनिकच्या धक्क्याने १९५८मध्ये ‘आर्पा’ ही संशोधनसंस्था निघाली, आणि तिच्या पैशातून २९ ऑक्टोबर १९६९ला पहिले दोन संगणक जोडले गेले. ‘लॉगिन’ शब्दाची दोन अक्षरं पोचली आणि यंत्र कोसळलं. ते जाळं वाढत गेलं. पुढे नॅशनल सायन्स फाउंडेशनचं जाळं त्याची पाठीची तार बनलं. त्यावर व्यापाराला बंदी होती. ती सैल होत गेली आणि ३० एप्रिल १९९५ला सरकारने आपली मुख्य वाहिनी बंद करून सगळं खासगी कंपन्यांवर सोपवलं.

माझ्या मते आपल्या आजच्या अडचणींची सुरुवात इथे आहे. भाग स्वस्त करणारं सरकार आणि मक्तेदारांना वेसण घालणारं सरकार, दोघंही एकदम खोलीतून बाहेर पडली. शीतयुद्ध संपलं होतं, बाजाराला मोकळं सोडावं यावर दोन्ही पक्षांचं एकमत होतं. १९९५मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने ‘प्रॉडिजी’ या ऑनलाइन सेवेला दुसऱ्याने लिहिलेल्या बदनामीबद्दल जबाबदार धरलं. कारण काय, तर ती कंपनी मजकुरावर नजर ठेवत होती! नजर न ठेवणारी दुसरी कंपनी १९९१मध्ये अशाच खटल्यातून सुटली होती. म्हणजे घर झाडणाऱ्यालाच दंड. हा विपरीत न्याय टाळायला एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, ख्रिस्तोफर कॉक्स आणि रॉन वायडन, यांनी तोडगा काढला. ८ फेब्रुवारी १९९६ला क्लिंटन यांनी सही केलेल्या दूरसंचार कायद्यात तो ‘कलम २३०’ म्हणून आला. त्याचा गाभा इंग्रजीत २६ शब्दांचा आहे. दुसऱ्याने पुरवलेल्या मजकुराचा प्रकाशक म्हणून अशा सेवेला धरता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

त्या वेळी हा तोडगा शहाणपणाचा होता, असं मी आजही म्हणेन. पण तो ज्यांच्यासाठी केला ती छोटी दुकानं होती. फेसबुक २००४चं, यूट्यूब २००५चं. दुसऱ्याचा मजकूर नुसता टांगून न ठेवता कुणाला काय आधी दाखवायचं हे स्वतः ठरवणाऱ्या, आणि त्यासाठी माणसाच्या सवयी टिपून ठेवणाऱ्या कंपन्या कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हत्या. खासगी माहितीच्या रक्षणासाठी कायदा करा, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०००मध्ये काँग्रेसला सांगितलं होतं. ११ सप्टेंबर २००१नंतर वारं फिरलं. माहिती कमी गोळा करा म्हणणारं सरकार स्वतःच तिच्या मागे लागलं. किती, ते एडवर्ड स्नोडेनने २०१३मध्ये जगाला दाखवलं.

आपल्या २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ७९ हे याच विचाराचं भावंडं, फक्त अटी जास्त घातलेलं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं असतात. वाचकाचं पत्र छापलं तरी उत्तर द्यायला तिथे एक माणूस असतो. मोबाइलच्या पडद्यावर ती ओळ शोधून पाहा.

पॅरिसमधल्या २०१५च्या दहशतवादी हल्ल्यात एक अमेरिकन विद्यार्थिनी मारली गेली. अतिरेक्यांच्या चित्रफिती यूट्यूबने आपणहून लोकांपुढे ठेवल्या, असं म्हणत तिच्या कुटुंबीयांनी गूगलवर खटला भरला. तो वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०२३मध्ये न्यायालयाने कलम २३०च्या प्रश्नात न शिरताच तो खालच्या कोर्टाकडे परत पाठवला.