डोंगर देवाचा आणि गाडी सगळ्यांची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"आरेवर बोला, पण भांडण लावू नका," असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. भांडण लावायचे नाहीच. परंतु या विषयावर आपल्या मंडळातच दोन तट आहेत, हे लपवून काय उपयोग? ज्यांच्या लेकीसुना भुयारी मेट्रोने वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला जातात, त्या म्हणतात, झाले ते बरे झाले. ज्यांची मुले २०१९ साली आरेत झाडांपाशी जाऊन उभी राहिली, त्या विषय निघाला की गप्प होतात. दोघीही आपल्याच. म्हणून आधी काय काय घडले ते सालवार सांगते, मग माझे मत.

आरे म्हटले की आपल्याला दूध आठवते. १९४९ साली सरकारने तिथे दूध वसाहत उभारली आणि शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तिकडे नेल्या. पण त्याच्याही आधीपासून तिथे वारली, कोकणा, मल्हार कोळी असे लोक राहतात. त्यांचे सत्तावीस पाडे मोजतात. त्यांचा देव वाघदेव. त्याला कळस नाही की गाभारा नाही. झाडाखाली शेंदूर लावलेला दगड, नाहीतर लाकडावर कोरलेला वाघ. बिबळ्या त्या रानात खरोखरच फिरतो. तेव्हा ज्याच्या रानात राहायचे त्याचा मान पहिला, असा त्यांचा साधा हिशेब.

आता मेट्रो. कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानके. गाड्या रात्री उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला मोठी जागा हवी. ती आरेत ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६४६ झाडे तोडायला किंवा दुसरीकडे हलवायला परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधकांचे अर्ज फेटाळले आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले, तोवर २,१४१ झाडे पडली होती. २९ जणांना अटक झाली. पुढे सरकार बदलले, कारशेड कांजूरमार्गला न्यायचे ठरले आणि आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव जंगल म्हणून जाहीर झाली. डिसेंबर २०२० मध्ये कांजूरच्या कामाला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२२ साली पुन्हा सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडांना परवानगी दिली, पण आधी ठरलेल्या ८४ झाडांपेक्षा जास्त मागणी केली म्हणून मेट्रो कंपनीला दहा लाखांचा दंडही केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी आरेपासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडला पोहोचली.

आता तुम्हांला दूरच्या एका डोंगराची गोष्ट सांगते, कारण तिच्यात आपलाही पैसा आहे. प्रशांत महासागरात हवाई बेटावर मौना केआ नावाचा पर्वत आहे, चार हजार दोनशे मीटरहून उंच. माथ्यावर बर्फ पडते आणि हवा निर्मळ असते, म्हणून शास्त्रज्ञांना तिथून आकाश फार स्वच्छ दिसते. तिथे तीस मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधायची योजना निघाली. ४९२ तुकडे जोडून तो आरसा करायचा. त्यात आपल्या देशाचा दहावा हिस्सा. २०१४ साली दिल्लीच्या मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे १,३०० कोटी रुपये मंजूर केले. आपल्या पुण्याची आयुका संस्था त्या कामात आहे.

पण तो पर्वत तिथल्या मूळ लोकांचा देव आहे. बर्फाची देवी तिथे राहते असे ते मानतात. जुलै २०१९ मध्ये, म्हणजे आरेच्या आधी तीनच महिने, त्यांचे म्हातारे-म्हाताऱ्या डोंगराच्या रस्त्यावर बसून राहिले आणि तीसहून अधिक वृद्धांना पोलिसांनी धरून नेले. हे लोक विद्येचे वैरी होते काय? मुळीच नाही. त्यांचे पूर्वज ताऱ्यांच्या खुणेने होड्या हाकत महासागर ओलांडून आले. आपणही लग्नात नवरीला अरुंधती दाखवतोच की! ताऱ्यांचे कुणाला वावडे नाही. त्यांचे म्हणणे एवढेच, की एकामागून एक तेरा दुर्बिणी माथ्यावर उभ्या राहिल्या, आणि दर वेळी आम्हांला विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे.

आता कुणी म्हणेल, एका दगडासाठी लाखो लोकांची सोय अडवायची काय? तर भगिनींनो, आपल्या अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या. दोनशे फूट उंचीचा तो काळा कातळ सहा कोटींहून अधिक वर्षांचा आहे. त्यावर गावदेवी आहे. नवरात्रात गुडघे दुखत असले तरी आपण पायऱ्या चढतोच. उद्या एखादा साहेब नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "हा दगड हलवा, इथे सर्वांच्या सोयीचे काही बांधायचे आहे," तर आपण काय म्हणू? "आम्हांला विचारले का?" हेच ना? वाघदेवाच्या लोकांनी तेच विचारले तर ते अडाणी कसे?

दुसऱ्या बाजूचेही खरे आहे. लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे आपण रोज पाहतो. मुलगी सुखरूप घरी पोहोचेपर्यंत आईचा जीव दारात असतो. भुयारी गाडीने तो जीव थोडा खाली आणला. तिला शत्रू मानणे मला पटत नाही. देव म्हटला की सगळेच काम थांबवायचे, हेही मला मान्य नाही. आपण देव हलवतो. इमारत पाडताना कंपाउंडातल्या देवळाची पूजा करून, गुरुजींना विचारून नवी जागा देतो. पण विचारून.

इथेच माझा मुद्दा आहे. आपली सोसायटी पाडून नवी बांधायची तर निम्म्याहून अधिक सभासदांची संमती लागते. सभा होते, कागद वाचला जातो, एकेक बाई उठून प्रश्न विचारते. दोन खोल्यांच्या ब्लॉकला एवढा मान! जंगलात राहणाऱ्यांसाठीही २००६ चा वनहक्क कायदा आहे. ग्रामसभेचे ऐकावे असे तोही सांगतो. पण आरे जंगल आहे की नुसती सरकारी जमीन, यावरच कोर्टात वर्षे गेली. मी वर इतक्या तारखा सांगितल्या. त्यांतले सारे निर्णय मंत्रालयात, महापालिकेत आणि कोर्टात झाले. पाड्यावर एकही झाला नाही.

आणि न विचारल्याने वेळ तरी वाचला का? करवती रात्रीत चालल्या, पण काम वर्षानुवर्षे रखडले. हवाईतही दुर्बीण उभी राहिलेली नाही. उलट तिथे २०२२ साली कायदा करून डोंगराची व्यवस्था एका नव्या मंडळाकडे सोपवायचे ठरले. त्यात मूळ लोकांनाही जागा आहे. २०२४ साली जुन्या दोन दुर्बिणी उतरवल्या गेल्या. आधी बसून बोलायला जेवढा वेळ लागला असता, त्याहून अधिक वेळ दोन्हीकडे भांडणात गेला.

झाडे गेली, ती परत येणार नाहीत. गाडी आली, तिच्यात आपण बसणारच. मात्र आरेत उरलेले रान आणि उरलेले पाडे आहेत, आणि शहराला आणखी रस्ते, आणखी कारशेडी लागणार आहेत. म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक, वर्तमानपत्रात हरकती आणि सूचना मागवणाऱ्या सरकारी जाहिराती बारीक अक्षरांत येतात. त्या महिन्याच्या सभेत कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि मुदतीच्या आत मंडळाचे पत्र जावे. दुसरी, पावसाळ्यात शेवळे, टाकळा, करटोली घेऊन बाजारात बसणाऱ्या पाड्यांवरच्या बायकांना यंदाच्या हळदीकुंकवाला बोलवावे. त्यांना वाण द्यावे आणि शेजारी बसवून घेऊन विचारावे, "तुमचे काय म्हणणे आहे?" भाजीचा भाव करताना आपण त्यांच्याशी पुष्कळ बोलतो, हे एकदा विचारू या.